सूर तोंडाला लावायचा नाही

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जगातल्या प्रत्येक आवाजाची पट्टी ठाऊक होती. मोरीत घागर आपटली की ते पुढच्या खोलीतून सांगायचे, पांढरी दोन. दूधवाल्याच्या सायकलची घंटा, मिरजेहून येणाऱ्या गाडीची शिट्टी, शेजारच्या म्हशीचं हंबरणं, सगळ्यांना त्यांनी पेटीवरची एकेक पट्टी वाटून दिली होती. सासूबाई काळी एकमध्ये खोकतात आणि सर्दी झाली की अर्ध्या सुरानं उतरतात, हे ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगत. त्यावर सासूबाई म्हणत, की माझ्या लुगड्याचा रंग कुठला ते विचारा त्यांना, ते नाही सांगता यायचं.

घरात बिनपट्टीची एकटी मीच होते. मामंजींनी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत. मामंजी काही कडक नव्हते, उलट मांजराच्या पिल्लालाही वाट देणारे होते. पण रीत म्हणजे रीत. त्यांना काही सांगायचं असलं की मी सासूबाईंच्या कानात सांगायचं, सासूबाईंनी ते मोठ्यानं म्हणायचं, मग मामंजी सासूबाईंना उत्तर देणार आणि सासूबाई ते मला पोचवणार. तिघंही एकाच चटईवर बसलेलो असलो तरी हाच रस्ता. "सांग तिला, च्यात साखर कमी हाय," असं मामंजी म्हणायचे, ते मला लख्ख ऐकू यायचं, आणि तरीही सासूबाई माझ्याकडं वळून तेच पुन्हा सांगायच्या. कधी वैतागल्या की म्हणायच्या, माझ्या गळ्यात एक टपालपेटी अडकवा आणि मोकळे व्हा.

मला हे फार जड गेलं. माझं माहेर पाटणकडच्या डोंगरातलं. वडील बैलगाडीची चाकं करायचे आणि शेजारी लोहार होता, चाकावर लोखंडी धाव त्याच्याकडं चढायची. त्या लोहाराच्या भात्याची दोरी ओढत मी लहानाची मोठी झाले. तिथं ठोकाठोकी एवढी चालायची, की ज्याला बोलायचं असेल त्यानं ओरडूनच बोलायचं. असा गळा घेऊन मी सांगलीत आले आणि कुजबुजायला शिकले. राग आला की भांडी जोरात ठेवायची. मामंजी आतून पट्टी सांगायचे आणि माझा राग आणखी वाढायचा.

घराच्या पुढच्या खोलीत मामंजींचं पेट्या दुरुस्तीचं दुकान होतं. सांगली-मिरजेकडं गाण्याबजावण्याला तोटा नाही, त्यामुळं कुणाची ना कुणाची पेटी उघडी पडलेली असायची. पेटीच्या पोटात सूर असतात. सूर म्हणजे पितळेची बोटभर लांब पट्टी, तिच्यात एक फट आणि त्या फटीवर एका टोकाला घट्ट बसवलेली पातळ जीभ. वारा गेला की ती जीभ थरथरते आणि आवाज निघतो. जिभेचं टोक जरा घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. सगळी विद्या या घासण्यात, आणि घासल्यावर प्रत्येक वेळी ऐकून बघण्यात.

मामंजी हे ऐकून बघायचे ते तोंडानं. कानशीनं दोनदा घासायचं, सूर ओठांना लावायचा, फुंकायचं. पुन्हा घासायचं, पुन्हा फुंकायचं. हातपेटीचा भाता वारा बाहेर ढकलतो म्हणून तिचे सूर फुंकून बघायचे. पायानं वाजवायच्या ऑर्गनचं उलटं असतं. पायाखालचा भाता वारा आत ओढून घेतो. म्हणून ऑर्गनचे सूर मामंजी ओठांत धरून श्वास आत ओढायचे. घासलेल्या पितळेचा कीस, जुन्या सुरावरची धूळ, सगळं त्या श्वासाबरोबर पोटात नि छातीत. जन्मभर त्यांनी हेच केलं, त्यांच्या वडिलांनीही हेच केलं असणार.

मग त्यांना खोकला लागला. त्याचीही पट्टी त्यांनी सांगून टाकली, पण खोकला काही हटेना. शेवटी सासूबाईंनी हट्टानं त्यांना मिरजेला डॉक्टरकडं नेलं. परत आल्यावर मामंजी टोपी न काढताच उंबऱ्यावर बसले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली होती, धंदा विचारला होता, आणि सांगितलं होतं, की यापुढं काही फुंकायचं नाही, काही ओढायचं नाही, ते पितळ तोंडापासून लांब ठेवायचं.

सासूबाईंनी विचारलं, "न्हाईतर काय हुईल म्हनला?"

"न्हाईतर तुझं कपाळ पांढरं हुईल म्हनला," मामंजी म्हणाले.

त्यांनी ते हसत सांगितलं, पण सासूबाई उठून आत गेल्या आणि चुलीपुढं नुसत्याच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून मामंजींनी दुकानाची एक फळी लावूनच ठेवली. सूर तोंडाला लावायचा नाही तर पेटी दुरुस्त कशी करायची, असा त्यांचा सवाल होता. ते कोनाड्यातल्या कानशी पुसायचे आणि परत ठेवायचे. एका सकाळी माझ्या हातून घागर सुटली, खणखणत मोरीपर्यंत गेली. मी आणि सासूबाई दोघीही थांबलो. पुढच्या खोलीतून काहीच आलं नाही. मला तेव्हा जी भीती वाटली ती डॉक्टरचं ऐकूनही वाटली नव्हती. काम केलं तर हा माणूस छातीनं जाणार, आणि नाही केलं तर असा गप्प बसून जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अशात साताऱ्याहून एक ऑर्गन आला. एका नाटक मंडळीचा मुक्काम तिथं होता, पुढचा मुक्काम सांगलीत. बोलपटांमुळं अशा मंडळींना आधीच घरघर लागलेली. त्यात साताऱ्याच्या गोदामात ऑर्गनला ओल लागली, उंदरांनी आतलं कातडं कुरतडलं आणि निम्मे सूर मुके झाले. ऑर्गन वाजवणारे गृहस्थ मामंजींचे जुने स्नेही. सदा तोंडात पान, त्यामुळं त्यांचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांनी चालायचं. ते बैलगाडीतून ऑर्गनबरोबरच उतरले आणि म्हणाले, की सांगलीचा पहिला खेळ याच्यावरच व्हायचा आहे, सातारा-कऱ्हाडात विचारून झालं, आता तुमच्याशिवाय कुणी नाही. नवे सूर घालावेत तर ते विलायतेहून यायचे आणि लढाईमुळं ते बंद. जे सूर आहेत तेच जगवायचे होते.

मामंजींनी ऑर्गनचं झाकण उघडलं, आत नाक घालून वास घेतला आणि फळी काढली. सासूबाईंना वाटलं, बरं झालं, माणूस हलला. मला मात्र धास्ती वाटली, कारण मी दारामागून बघत होते. ते सूर बाहेर काढायचे, घासायचे, इकडंतिकडं बघायचे आणि हळूच ओठांत धरायचे. ओढला की खोकायचे. चोरून विडी ओढणाऱ्या पोरासारखं चाललं होतं. संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा खालच्या ओठावर हिरवट रेघ होती.

ती रेघ बघून माझं डोकं फिरलं. मी सासूबाईंना ओढतच आत नेलं आणि म्हटलं, आत्याबाई, कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर तुम्ही मला किती बोलता? कळकलेलं ताक आपण कुत्र्याला घालत नाही. आणि हे तोच कळक दिवसभर चोखतायत, त्यांना कोण बोलणार?

सासूबाईंना छाती, धूळ, नळी यातलं काही नीटसं पटलं नव्हतं, पण कळक पटला. त्या बाहेर गेल्या आणि हेच सगळं त्यांनी मामंजींना सुनावलं, वर पदरचे चार शब्द घातले. मामंजींनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "सांग तिला, खरं हाय तिचं. पर वारा कुठनं आनू?"

तिथून आमच्या घरात वारा शोधायला सुरुवात झाली.

आमचे हे पलटणीच्या वर्कशॉपात सुतारकामाला होते, ते नेमके सुट्टीवर आले. पलटणीतून आलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीवर झटपट इलाज ठाऊक असतो. त्यांनी सायकलचा पंप आणला, त्याच्या नळीला सूर बांधला आणि ऐटीत दांडा दाबला. मामंजींनी हुशारी करून मोडीतला एक जुना सूर दिला होता म्हणून बरं. पहिल्या दणक्याला सूर शिंकल्यासारखा वाजला आणि दुसऱ्याला त्याची जीभ तुटून सासूबाईंच्या पिठाच्या परातीत पडली. ती शोधायला सगळं पीठ चाळावं लागलं. हे म्हणाले, जरा सावकाश दाबायला हवं होतं. सासूबाईंनी पंप काढून घेतला आणि त्यांना भाजी आणायला पाठवून दिलं.

मग मीच सुचवलं, अर्थात सासूबाईंमार्फत, की गल्लीच्या टोकाच्या लोहाराचा लहान भाता मागून आणू. लोहारानं दिला. भात्याचा वारा मला ठाऊक होता, तो कसा लांब आणि सारखा सोडायचा ते हातात होतं. पण त्या भात्याच्या पोटात किती वर्षांची काजळी होती ते ठाऊक नव्हतं. मी दोरी ओढून सोडली, नळीतून काळा ढग निघाला आणि समोर बसलेल्या मामंजींच्या मिशा, धोतर, वर वाळत घातलेले पापड, सगळं एका रंगाचं झालं. पानवाले गृहस्थ तेवढ्यात दारात आले होते. ते आल्या पावली मागं वळले. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. मामंजी हसले की नाही ते काजळीमुळं कळलं नाही, पण त्यांनी खोकत खोकत सांगितलं, की असला वारा सुरालाही नको आणि मलाही नको.

रात्री भांडी घासताना मी त्या भात्याचाच विचार करत होते. लोहाराचा भाता उघडताना बाहेरचा वारा आत घेतो, कारण त्याच्या फळीला एक भोक असतं आणि भोकावर आतल्या अंगानं कातडी पडदा. उघडताना पडदा सुटतो, वारा आत येतो. दाबताना पडदा चिकटतो आणि वारा नळीतून बाहेर पडतो. हातपेटीचंही तसंच. मग तोच पडदा बाहेरच्या अंगानं लावला तर? उघडताना पडदा भोकाला चिकटून बसेल, भात्याला वारा मिळायला दुसरी जागाच राहणार नाही, म्हणजे तो सुरातूनच ओढून घेईल. ऑर्गनच्या पोटात जसं होतं तसंच. आणि पितळेची धूळ कुणाच्या छातीत न जाता भात्याच्या पोटात जाईल.

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी अर्ध्यातच हात जोडले आणि म्हणाल्या, एवढं लांबड मला पोचवता यायचं नाही. मग मी राखेत बोटानं चित्र काढलं आणि त्या मामंजींना चुलीपाशी घेऊन आल्या. मामंजी वाकून बघत राहिले. त्यांनी माझ्या चित्रात आणखी एक लहान भोक काढलं. कुणी फार जोरात ओढलं तर सुराच्या जिभेवर ताण यायचा, म्हणून त्या दुसऱ्या भोकावर बारीक तारेची स्प्रिंग लावलेला पडदा. ओढ बेताबाहेर गेली की हा आपोआप उघडणार आणि सूर वाचणार. ऑर्गनमध्येही असा एक असतो, तो त्यांना ठाऊक होता, मला नव्हता. "सांग तिला, एवढं ऱ्हायलं हुतं," ते म्हणाले.

मोडीतल्या एका हातपेटीचा भाता घेऊन त्यांनी ते खोकं तयार केलं. वर एक खाच, तिच्यात तपासायचा सूर बसवायचा. भात्याच्या फळीला दोरी, दोरी आढ्याच्या कडीतून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. मी दाराच्या आत बसून दोरी ओढायची, ते बाहेर बसून ऐकायचे. म्हणजे रीतही राहिली आणि कामही झालं. मधे सासूबाई पाट मांडून बसायच्या.

"सांग तिला, वारा दे."

"वारा दे गं."

मी सावकाश ओढायची आणि बाहेर सूर बोलायला लागायचा. माझ्या हातातून निघालेला वारा तिकडं स्वच्छ, लांब, न खोकता गात होता. मला फार आनंद झाला. भाकरी करपली तरी मी दोरी सोडली नाही. सासूबाई कुठं गेल्या तर मामंजी कानशीनं फरशीवर टक करायचे. एक टक म्हणजे वारा, दोन म्हणजे थांब. हळूहळू मला दोरीच्या वजनावरूनच कळायला लागलं, की खाचेत खर्जातला जाड सूर आहे की वरचा बारीक. मोठा सूर वारा भराभर येऊ देतो, दोरी हलकी जाते. बारीक सूर वाऱ्याला अडवतो, दोरी जड लागते. भाता उघडून झाला की दोरी सोडायची, फळी आपल्या वजनानं झपकन खाली यायची. मामंजींचा खोकला उतरणीला लागला. एके दिवशी घागरीला तांब्या लागला आणि बाहेरून आवाज आला, "काळी तीन." सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

सुट्टी संपून हे पलटणीत परत गेले, इकडं ऑर्गन भरत आला. शेवटी उरला मधला काळी एकचा सूर. मंडळींचे मुख्य गवई त्याच सुराला षड्ज धरून गायचे, म्हणून तो सगळ्यांत जास्त वाजलेला आणि सगळ्यांत जास्त झिजलेला. त्याच्या जिभेच्या बुडाशी केसासारखी रेघ दिसत होती. तो तुटला तर बदली मिळायचा नव्हता, म्हणून मामंजींनी तो शेवटी ठेवला होता. खेळ दुसऱ्याच दिवशी होता. पानवाले गृहस्थ सकाळीच येऊन बसले होते. एकदा तोंडानं ओढून बघा की, एका श्वासानं काय होतंय, असं ते म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना अशा नजरेनं पाहिलं, की ते थिएटरकडं काम आहे म्हणून निघून गेले.

त्या दुपारी खोक्याचा पडदा फाटला. कातडं जुन्या पेटीचंच होतं, किती टिकणार? सासूबाई शेजारी बारशाला गेल्या होत्या. मामंजींनी पडदा बदलायला भाता उघडला आणि तसेच थांबले. मी दाराच्या फटीतून पाहिलं. खोकं करताना भात्याच्या आत नवा पांढरा कागद चिकटवला होता आणि त्या कागदावर पिवळट करड्या धुळीचा थर बसला होता, हळदकुंकवाच्या करंड्यात सांडून राहतो तसा. त्यांनी बोटानं त्यात रेघ ओढली. मग दुसऱ्या हातानं आपल्या छातीवरून एकदा हात फिरवला. बोट धोतराला पुसून त्यांनी नवं कातडं कापायला घेतलं. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येत नाही. बहुतेक त्या सगळ्या वर्षांचा.

पडदा बसला, भाता मिटला. बाहेरून टक आला. मी दोरी ओढली.

सूर बोलला नाही.

पुन्हा टक. मी पुन्हा ओढली. बाहेर काहीच नाही. पण माझ्या हाताला काहीतरी वेगळं लागलं होतं. दोरी अगदीच हलकी गेली, ओढताना कुठं अडलीच नाही. आणि सोडल्यावर फळी झपकन पडायची ती रेंगाळत, सुस्कारत खाली आली. हा लोहाराच्या भात्याचा स्वभाव. लहानपणापासून माझ्या हाताला तो माहीत होता. मामंजींनी जन्मभर हातपेट्यांना पडदे लावले होते, आतल्या अंगानं. कातडं हातात आलं आणि हातानं आपल्या सवयीप्रमाणं ते आतूनच लावलं. खोकं वारा ओढत नव्हतं, ढकलत होतं. सूर जिवंत होता, त्याला उलटा वारा मिळत होता.

मामंजींना हे कळायला मार्ग नव्हता, दोरी माझ्या हातात होती. त्यांना एवढंच दिसत होतं, की तडा गेलेला, लाखमोलाचा, बदली नसलेला सूर मुका झाला. मी फटीतून बघत होते. त्यांनी तो खाचेतून काढला, उजेडात धरला, जीभ नखानं हलकेच उचलली. नुकताच घासलेला होता, पितळेचा कीस त्याच्यावर चमकत होता. त्यांचा हात वर जायला लागला. डॉक्टर, कळक, मघाचा कागद, सगळं विसरून हात निघाला होता तोंडाकडं. मला माहीत आहे, त्यांनी ते ठरवून केलं नाही. पडदा लावला तसंच हेही हातानंच चाललं होतं.

मी सासूबाईंच्या पाटाकडं पाहिलं. पाट रिकामा. मी भांडं आपटलं, मामंजींनी पट्टीसुद्धा सांगितली नाही. सूर ओठांशी आला.

"मामंजी, तोंडाला लावू नगा."

माझाच आवाज मला परका वाटला. इतके दिवस कोंडलेला, पाटणच्या डोंगरातला, लोहाराच्या ठोकाठोकीवरून जाणारा तो आवाज घरभर घुमला. मामंजींचा हात होता तिथं थांबला. मला वाटलं, आता जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण एकदा बोललेच होते, तर अर्धं कशाला ठेवायचं?

"पडदा आतनं लागलाय. वारा उलटा जातोय. सूर चांगला हाय."

ते माझ्याकडं, म्हणजे दाराच्या फटीकडं, बघत राहिले. रागानं नाही. घागर पडल्यावर बघायचे तसे, मान जरा कलती करून. मग त्यांनी सूर फडक्यावर ठेवला, भाता उघडला, आतला पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. पडदा सोडवून त्यांनी तो बाहेरून लावायला घेतला. मी दोरी धरून नुसती बसले होते आणि सासूबाई आल्यावर काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते.

सासूबाई बारशाच्या घुगऱ्या पदरात घेऊन आल्या. घरात काहीतरी झालंय हे त्यांना उंबऱ्यातच कळलं असावं. एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत त्या पाटावर बसल्या. मामंजींनी मान वर केली नाही. पडद्याची कड दाबत म्हणाले,

"सांग तिला, आवाज काळी चारचा हाय. एकाच घरात ऱ्हाऊन मला ठाव नव्हता."

सासूबाईंना काय ते कळायला एक क्षण लागला. त्यांचा हात तोंडावर गेला. मला वाटलं आता बरसतील. पण त्यांनी घुगऱ्या खाली ठेवल्या, पाट उचलला, भिंतीला टेकवून उभा केला आणि म्हणाल्या, "तुमीच सांगा की. ती हितंच हाय."

त्या आत निघून गेल्या. मामंजींनी सूर खाचेत बसवला. कानशी हातात घेतली, फरशीवर टक करायला खाली नेली आणि न करताच बाजूला ठेवली. मग दाराकडं तोंड करून, घसा साफ करून ते म्हणाले,

"सूनबाई, वारा दे."